मुजावरसाहेबांचा रोजचा एक प्रश्न

आमच्या कंपनीत जेवणाची सुट्टी तीस मिनिटांची. हात धुणं, रांग आणि जेवण यात सोळा-सतरा मिनिटं जात. उरलेल्या तेरा-चौदा मिनिटांत दस्तगीर मुजावर रोज एक प्रश्न विचारायचे, आणि तो बहुतेक वेळा धर्माचा असायचा. अकरा वर्षं मी त्यांच्यासमोर बसून जेवलो. रजा, सुट्ट्या आणि माझ्या वेगळ्या शिफ्टचे दिवस वजा केले तरी दोन हजारांच्या वर प्रश्न होतात. त्यांतल्या निम्म्यांची उत्तरं आम्हाला आली नाहीत. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही.

चाकणच्या एमआयडीसीत गाड्यांचे शाफ्ट बनवणारी ही कंपनी. मुजावरसाहेब तिथल्या स्टँडर्ड रूमचे प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली. स्टँडर्ड रूम म्हणजे मापांची खोली. तिथे बारा महिने वीस अंश तापमान ठेवतात. कारखान्यातलं प्रत्येक मापाचं हत्यार ठरलेल्या मुदतीत तिथे येऊन तपासलं जातं; त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. ते ज्यांच्याशी ताडून पाहायचं ती मूळ मापं म्हणजे आरशासारखे गुळगुळीत पोलादी ठोकळे. एका लाकडी पेटीत असे एकशे बारा ठोकळे. त्यांना उघड्या हाताने शिवायचं नाही, कारण बोटाच्या घामानेसुद्धा पोलादावर डाग पडतो. पेटीची किल्ली साहेबांच्या कमरेला आणि दुसरी माझ्याकडे.

माणूस उंचीने बेताचा, अंगाने काटक. दाढी पांढरी आणि आखूड कापलेली. निळ्या एप्रनच्या खिशात दोन पेनं. मूळचे तासगावकडचे. लाइनवरचे लोक त्यांना चाचा म्हणत. आमच्या टेबलावर ते मुजावरसाहेब किंवा नुसतेच मुजावर होते.

मापाच्या धंद्यात एक शिस्त आहे. नुसता आकडा लिहून चालत नाही. त्यात किती चूक असू शकते तेही पुढे लिहावं लागतं. साहेबांना ही सवय बोलण्यातही होती. कुणी काही ठासून सांगितलं की ते शांतपणे विचारायचे, "हे तुम्हाला माहीत आहे, का वाटतं, का ऐकलंय?" तिन्हींना त्यांची सारखीच परवानगी होती. फक्त कोणतं कोणतं ते आधी सांगायचं. फोनवर फिरत आलेली माहिती "ऐकलंय" मध्ये जायची आणि तिच्यावर वाद घालायला ते तयार नसत. "ज्यानं लिहिलंय तो जेवायला आपल्यात नाही. त्याला काय विचारणार?"

टेबलावर आम्ही चौघं. तिसरे नामदेव येळवंडे, स्टोअरकीपर. चाकणजवळच्याच गावचे, जमीनदार घरातले, गळ्यात तुळशीची माळ. गावच्या देवळाच्या उत्सवात पुढे असलेला माणूस. चौथा फिलीप साळवे, मेंटेनन्सचा. जालन्याकडचा, तीन पिढ्यांचा ख्रिस्ती. मी निगडीत राहतो आणि घरी जेवढे सणवार असतात तेवढे पाळतो. त्यापलीकडे धर्माचा विचार मी कधी केलेला नव्हता. तो करायला लावला तो याच टेबलाने.

मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. संकष्टी होती आणि माझ्या डब्यात साबुदाण्याची खिचडी. मुजावरसाहेबांनी डब्याकडे पाहिलं.

"उपास?"

"हो, चतुर्थी."

"तांदूळ चालत नाही, साबुदाणा चालतो. का वो?"

मी म्हणालो, "पूर्वीपासून तसंच आहे."

"हे उत्तर नाही. घरी विचारा. उद्या सांगा."

मला वाटलं, आपली फिरकी घेताहेत. तरी घरी विचारलं. बायकोने एक कारण सांगितलं, आईने फोनवर दुसरं, आणि शेजारच्या काकूंनी तिसरं. दुसऱ्या दिवशी मी तिन्ही कारणं जशीच्या तशी सांगितली आणि म्हणालो, खरं कोणतं ते मला कळत नाही. साहेब एकदम खूश झाले. येळवंड्यांना म्हणाले, "हा माणूस स्टँडर्ड रूमला चालेल. तीन रीडिंग आली तर तिन्ही सांगतोय, त्यांतलं सोयीचं निवडत नाही." माझ्या नोकरीत मला मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र, आणि ते साबुदाण्यावरचं.

रमझानमध्ये आमची पंचाईत व्हायची. ते उपाशी आणि आपण समोर बसून जेवायचं हे बरं दिसत नाही म्हणून पहिल्या वर्षी आम्ही तिघं दुसऱ्या टेबलावर गेलो. पाचच मिनिटांत साहेब येऊन आमच्यात बसले.

"तुम्ही लांब बसलात तर माझा रोजा सोपा होतोय. सोपा नको मला."

येळवंडे म्हणाले, "आरं पर तुमच्या म्होरं घास उतरंना आमाला."

"उतरवा की. आज डब्यात काय आहे?"

"मेथी हाय. अन् दही."

"मग आता मला भूक लागली. छान. तिच्यासाठीच तर धरलाय रोजा."

येळवंड्यांना हे पटलं नाही. पाणीसुद्धा न पिणं म्हणजे शरीराचे हाल, देव कशाला असं सांगेल, असं त्यांचं म्हणणं. यावर ते दोघं त्या महिन्यात किमान नऊ दिवस भांडले. साहेबांनी आपली बाजू सोडली नाही, येळवंड्यांनी आपली. मात्र ईदच्या आदल्या दिवशी येळवंडे चिंचवडहून साहेबांसाठी खजूर घेऊन आले आणि म्हणाले, "पटलेलं न्हाई मला, हे फक्त खजूर हायेत."

टेबलावर टोमणेही चालत. एकदा येळवंड्यांनी डोळे मिचकावत विचारलं, "मुजावर, तुमच्यात चार करता येतात म्हंत्यात."

"येळवंडे, माझी एकच आहे आणि ती रोज माझं कॅलिब्रेशन करती. अजून तीन लॅबवाल्या आणून मी काय करू?"

साळवे हसता हसता पाणी सांडायचा बाकी राहिला.

साळवेला त्यांनी आपल्या परीने अवघड प्रश्न विचारला होता. बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन का एक? साळवेने आधी पाळक सांगतात तसं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे तुला माहीत आहे का वाटतं?" साळवेने हातातला घास डब्यात ठेवला. मग म्हणाला, "साहेब, खरं सांगू का? मला हे समजत नाही. लहानपणापासून समजलं नाही. तरी मी मानतो." मुजावरसाहेबांनी उठून त्याचा हात हातात घेतला. म्हणाले, "माझंही दोन-तीन बाबतीत असंच आहे. पण हे बोलायला मला पन्नाशी उलटावी लागली."

एकदा शहरात कुठेतरी तणाव झाला होता. बसमध्ये सगळे फोनमध्ये डोकं घालून बसलेले, एरवी मोठमोठ्याने बोलणारेही गप्प. जेवताना आम्हीही पोळी-भाजीचंच बोलत होतो. साहेबांनी डबा बंद केला आणि विचारलं, "आज घरून निघताना भीती कुणाला वाटली?" येळवंडे म्हणाले, "मला न्हाई." साळवे म्हणाला, "थोडी." मी म्हणालो, "मला मुलीच्या शाळेची काळजी वाटली." मग साहेब म्हणाले, "आमची ही रोज म्हणती, कंपनीत धर्माचं बोलू नका. आज तर दारात उभी राहून म्हणाली. मी तिला सांगितलं, त्या टेबलावर बोलायचं बंद केलं तर मग बोलायचं कुठं?" येळवंड्यांनी आपल्या डब्यातला गूळ फोडून चौघांत वाटला. मुजावरसाहेबांना ही चौकडी किती मोलाची वाटत होती हे मला त्या दिवशी कळलं. आणि ती मोडायची वेळ आली तेव्हा कारण मी होतो.

दरवर्षी खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा होते. प्रत्येक मशीनला झेंडूची माळ, हळद-कुंकू, नारळ. स्टँडर्ड रूममध्येही पूजा असायची आणि तिची तयारी स्वतः मुजावरसाहेब करायचे. बाद झालेल्या जुन्या ठोकळ्यांची एक पेटी त्यांनी खास त्यासाठी जपून ठेवली होती. आदल्या दिवशी ते तिची धूळ झटकायचे, सकाळी येताना चाकणच्या बाजारातून झेंडू आणायचे. पूजा येळवंडे सांगायचे. साहेब आरतीला उभे राहायचे, पेढा खायचे, हात जोडायचे नाहीत. हे त्यांनी पहिल्याच वर्षी सगळ्यांना उघड सांगितलं होतं: "माझ्या हत्यारांचा तुम्ही मान करताय, मी उभा राहणार. हात मी एकाच ठिकाणी जोडतो." कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं.

त्या वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी ते सहा दिवस मिरजेला गेले आणि खोली माझ्याकडे आली. खंडेनवमीच्या सकाळी मी जुनी पेटी उघडली. ठोकळे काळवंडलेले, काहींच्या कडा उडालेल्या. मला वाटलं, वर्षभर ज्यांच्या जिवावर कारखाना चालतो ते कुलपात बंद, आणि पूजा मात्र भंगाराची. हे काही बरोबर नाही. मी मूळ पेटी काढली. एकशे बारापैकी पाच ठोकळे लाल कापडावर मांडले आणि ओल्या बोटाने प्रत्येकाला हळद-कुंकू लावलं. येळवंडे त्या वर्षी घाईत होते. त्यांनी आरती म्हटली आणि पुढच्या खात्यात गेले. ठोकळे कोणते, हे त्यांनी पाहिलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पूजलेली हत्यारं दसरा होईपर्यंत हलवायची नाहीत अशी पद्धत आहे. ती मी पाळली. खंडेनवमीला सकाळी अकराला लावलेलं ओलं कुंकू दसऱ्याची सुट्टी संपून तिसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत तसंच राहिलं. चव्वेचाळीस तास. इतकी वर्षं मापाच्या खोलीत काम केलेल्या माणसाने हे करावं, याला मला आजही दुसरा शब्द सापडत नाही, तेव्हा मी त्याला चूकच म्हणतो.

सुट्टी संपल्यावर साहेब त्याच दिवशी रुजू झाले. मी लाइनवर दिवसाचा पहिला जॉब, म्हणजे पहिला शाफ्ट, तपासायला थांबलो होतो, ते सरळ खोलीत गेले. मी पोचलो तेव्हा पाचही ठोकळे पुसून, तेल लावून कापडावर ठेवलेले होते आणि ते भिंगाखाली एक ठोकळा पाहत होते.

मी म्हणालो, "साहेब, मीच काढले होते. मूळ पेटीतले."

"माहीत आहे. या, बघा."

मी भिंगातून पाहिलं. पन्नास मिलिमीटरच्या ठोकळ्यावर तांबूस गंजाच्या बारीक रेषा, गोल गोल फिरलेल्या. माझ्या बोटाचा ठसा पोलादात उतरला होता.

ते रागावले नाहीत. "चार वाचतील. हा गेला. लॅबला पाठवू," एवढंच म्हणाले.

आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं की ते कुंकू पुसत होते तेव्हा काचेच्या दाराबाहेर किरण नावाचा लाइनवरचा ऑपरेटर जॉब घेऊन उभा होता. त्याने फोन काढून व्हिडिओ घेतला. अकरा सेकंदांचा. पांढऱ्या दाढीचा माणूस, समोर झेंडूची माळ आणि हातातलं फडकं कुंकवावरून फिरतंय. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो कंपनीच्या सगळ्या ग्रुपवर गेला होता. दुपारी तीस-पस्तीस जण मॅनेजरच्या केबिनबाहेर जमले. मुजावरला त्या खोलीतून काढा, ही त्यांची मागणी.

मॅनेजरने लेखी अहवाल मागितला. साहेबांनी चार ओळी लिहिल्या. मूळ मापांवर डाग पडले होते, ते मी साफ केले, एक ठोकळा बाद झाला, खोलीची जबाबदारी माझी आहे. माझं नाव त्यात कुठेही नव्हतं. कागद मलाच टाइप करायला दिला होता. मी म्हणालो, "यात मी आलोच नाही." ते म्हणाले, "महिन्यात कस्टमरचं ऑडिट आहे. तुमचं नाव आलं तर तुम्हाला मेमो. मला रिटायर व्हायला चौदा महिने राहिलेत, मला काय फरक पडतोय?"

मी टाइप केलं. तो कागद मी जसा होता तसा पुढे पाठवला, हे इथे लिहून ठेवतो.

त्यानंतर टेबलावर साहेब येत होते, जेवत होते, पण विचारत काहीच नव्हते. भाजी कशी झाली, ट्रॅफिक किती होतं, एवढंच. पहिल्या दिवशी साळवेने मुद्दाम काहीतरी काढलं. साहेब म्हणाले, "आज नको." दुसऱ्या दिवशीही तेच. उरलेली तेरा मिनिटं कशी घालवायची हे चौघांनाही कळत नव्हतं. आजूबाजूच्या टेबलांवरून लोक आमच्याकडे पाहत होते. असे चार दिवस गेले. साहेबांना स्टोअरला पाठवायचं ठरतंय अशी बातमी आली. ठोकळ्यांवाचून त्यांचं चौदा महिन्यांत काय होईल याचा मला अंदाज होता, पण त्याहून जास्त मला ते गप्प बसणं सहन होईना. ज्यांनी आम्हाला इतकी वर्षं विचारायला शिकवलं ते आता प्रश्न गिळत होते, आणि माझ्यामुळे.

पाचव्या दिवशी मॅनेजरने बैठक बोलावली. कामगारांकडून चार जण, त्यांत किरण. इकडून साहेब, मी आणि स्टोअरकीपर म्हणून येळवंडे. मॅनेजर म्हणाले, वातावरण निवळेपर्यंत मुजावर स्टोअरला बसतील. साहेब "ठीक आहे" म्हणाले.

मी उठलो. खिशातून शॅमॉयच्या मऊ कातड्यात गुंडाळलेला पन्नासचा ठोकळा काढला आणि टेबलावर ठेवला.

"कुंकू मी लावलं होतं. मूळ मापांवर लावायचं नसतं हे मला माहीत असून लावलं. ते चव्वेचाळीस तास राहिलं. यावर जो ठसा आहे तो माझ्या उजव्या हाताच्या बोटाचा आहे, हवा तर ताडून पाहा. अहवालात माझं नाव नाही, तो अहवाल अपुरा आहे."

ठोकळा हातोहात फिरला. किरणने तो खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला.

त्यांच्यातला एक जण म्हणाला, "गंजलं ते मान्य. पण देवाचं कुंकू पुसून फडकं कचऱ्यात टाकलं असणार ना?"

येळवंडे खुर्ची पुढे ओढून बसले. ते म्हणाले, "कचऱ्यात न्हाई टाकलं. त्या दिशी सकाळी साडेसातला हा माणूस माझ्याकडं आला. फडकं, झेंडू, अक्षता सगळं कागदात बांधलेलं. म्हणला, येळवंडे, हे तुमच्या निर्माल्यात घाला, मला त्याची रीत ठाऊक न्हाई. म्या घातलं. मागनं म्हणला, कुणाला सांगत बसू नका, म्हणून थांबलो. व्हिडिओत त्ये न्हाई, व्हय का रं किरण?"

किरणने ठोकळा टेबलावर ठेवला.

मग मुजावरसाहेब बोलले. आवाज रोजचाच. "हे मी कुणाला दाखवायला केलं नव्हतं. पण एक सांगतो. कुंकू मी पुसलंच असतं. माझ्या वडलांनी हज करून येऊन त्या ठोकळ्याला अत्तर लावलं असतं तर तेही मी पुसलं असतं. त्या खोलीत ठोकळ्यावर काही नसावं, एवढंच माझं काम."

किरण म्हणाला, "मग चाचा, तुम्ही तेव्हाच सांगायचं होतं."

"तू विचारलंस कुठं? अकरा सेकंद दाराबाहेर उभा होतास. दार ढकलून आत आला असतास तर तुलाच भिंग दिलं असतं."

साहेब स्टोअरला गेले नाहीत. मला मेमो मिळाला. तो माझ्या फाइलला आहे आणि तो योग्यच आहे. किरणने व्हिडिओ काढून टाकला, पण ज्यांच्या ज्यांच्या फोनवर गेला होता त्यांच्या फोनवरून तो गेला असेल असं मी म्हणणार नाही.

त्या दुपारी टेबलावर बसलो तेव्हा येळवंडे आणि मी जरा ऐटीतच होतो. साळवे तसा नव्हता. त्याला बैठकीत बोलावलंच नव्हतं, आम्ही त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि फडकं कचऱ्यात टाकलं असतं तर?"

आम्ही थांबलो.

"कामून गप्प बसले? साहेबांना रीत ठाऊक नव्हती, त्यांनी टोपलीत टाकलं असतं. माणूस तोच, काम तेच. मग काय, स्टोअर?"

येळवंडे पोळी तशीच हातात धरून विचार करत राहिले. मग म्हणाले, "मला राग आला असता. लई आला असता. मी भांडलो असतो मुजावरशी. पर हितं, ह्या टेबलावर. समोर बसून."

"आणि मी तुम्हाला म्हटलं असतं, चुकलं," साहेब म्हणाले. "आणि पुढच्या वेळेला विचारून घेतलं असतं."

साळवे म्हणाला, "हे तुम्हाला माहीत आहे साहेब, का वाटतं?"

पाच दिवसांत पहिल्यांदा ते हसले. "वाटतं," म्हणाले. "माहीत नाही."

मग डबा पुसता पुसता माझ्याकडे वळले. "आता तुम्हाला एक विचारतो. जुन्या पेटीची पूजा देवाला पोचत नव्हती का? मूळ ठोकळेच का काढावेसे वाटले?"

मी उद्या सांगतो म्हणालो. उद्या सांगता आलं नाही, तीन दिवस लागले. येळवंडे म्हणत होते, भाव पोचतो, वस्तू कोणतीही असो. घरी आई म्हणाली, हत्यार रोजच्या वापरातलंच पुजायचं, अडगळीतलं नाही. चौथ्या दिवशी मी दोन्ही सांगितलं आणि म्हणालो, "मला वाटतं आईचं बरोबर आहे. तरी मी चुकलो."

"दोन्ही असू शकतं," साहेब म्हणाले. "तुम्ही मूळ पेटी काढली हे मला आतून आवडलं. इतकी वर्षं त्या जुन्या पेटीसमोर उभा राहताना मलाही जरा लबाडी केल्यासारखं वाटायचं. पण ओलं बोट का लावलं वो? कोरडं फूल ठेवायचं होतं. पेटी बंद ठेवून, वर."

पुढच्या खंडेनवमीला तसंच केलं. मूळ पेटी, झाकण बंद, वर एक कोरडा झेंडू. झेंडू आणायला किरण गेला होता. साहेब आरतीला उभे राहिले, पेढा खाल्ला, हात जोडले नाहीत.

त्यानंतर दीड-दोन महिन्यांत ते रिटायर झाले. त्यांची खोली आता माझ्याकडे आहे. टेबलावर आम्ही तिघं आणि अधूनमधून किरण. रोज एक प्रश्न जमत नाही. आठवड्यात दोन-तीन होतात.

मागच्या महिन्यात मी निगडीच्या बस टर्मिनसवर सुटायच्या तयारीत असलेल्या बसमध्ये खिडकीशी बसलो होतो. बाहेर फलाटावरच्या बाकावर मुजावरसाहेब दिसले. शेजारी त्यांच्याच वयाचे पिंपरीतले एक सिंधी गृहस्थ. पायाशी भाजीची पिशवी. गाड्यांच्या आवाजातूनही मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"घरात झुलेलालचा फोटो, आणि मत्था टेकता गुरुद्वाऱ्यात. मग अडचणीत पहिलं नाव कुणाचं घेता?"

सिंधी गृहस्थ हसत म्हणाले, "अरे साहब, ये तो कभी सोचा नहीं."

"मग सोचा की. मला काही घाई नाही."

चिखलीची बस लागली. साहेब चिखलीलाच राहतात. कंडक्टर त्यांना ओळखत असावा. त्याने दारातून हाक मारली, "चाचा, येताय ना?"

साहेबांनी त्याच्याकडे न पाहता हात हलवला. "जाऊ दे, ह्यांचं उत्तर व्हायचंय."

चिखलीची बस गेली. माझीही हलली. त्यांच्या बाकामागे उभा असलेला एक टोपीवाला शेतकरी बऱ्याच वेळापासून त्यांचं बोलणं ऐकत होता. मी मान वळवून पाहिलं तेव्हा मुजावरसाहेब बाकावरची आपली छत्री उचलून मांडीवर घेत होते आणि त्याला म्हणत होते, बसा की, उभे का?